दहाव्या बाईची साक्ष

१

मेलेल्या माणसाचं नाव आपल्याकडे सहसा मरत नाही. मतदार यादीत राहतं, सातबाऱ्यावर राहतं, रेशन कार्डावर तर नातवंडांची लग्नं होईस्तोवर राहतं, आणि त्यात कोणाला वावगंही वाटत नाही. पण मेलेली बाई मास्क लावून खुर्चीवर बसते आणि विचारलेल्या प्रश्नांची नीट उत्तरं देते, हे यास्मीन शेखने अठरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच ऐकलं. आणि कठीण गोष्ट अशी, की ती उत्तरं लिहून घेणारी बाई ती स्वतःच होती.

यास्मीन मंगरूळपीरची. कामरगावच्या बाहेर धनजच्या रस्त्याला कापसातली सरकी वेगळी काढणारं एक जुनं जिनिंग आहे. तिथली रुई परदेशातली एक कापड कंपनी घ्यायची आणि तिच्या वतीने यास्मीन दर हंगामात तपासणीला यायची. कामगारांना कसं वागवतात, जिवाला धोका आहे का, एवढंच पाहायचं. कसोटी मात्र कंपनीच्या घरची नव्हती. जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आहे. तिथे सरकारं, मालक आणि कामगार असे तिघे एका सभेत बसतात आणि सगळ्या जगासाठी नियम ठरवतात. लहान पोरांना राबवू नका, कोणाला जबरदस्तीने कामाला जुंपू नका. काम सुरक्षित असणं हा मूलभूत हक्क, हे २०२२ साली त्यात आलं. आता नियम जिनिव्हात झाला म्हणून तो आपोआप कामरगावात उतरत नाही. तो उतरतो यास्मीनसारख्या बाईच्या बॅगेतून, एसटीने, धक्के खात.

डिसेंबर होता. शेडमध्ये चाळीसेक बाया उभ्या होत्या, पातळावर पुरुषी शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल, भुवयांवर कापसाची पांढरी भुकटी. यास्मीनने मार्चमधला कागद काढला.

"मागच्या वेळी चंपाबाईंनी मला मशीनखालच्या फिरत्या शाफ्टवर जाळी बसवल्याचं सांगितलं होतं," ती म्हणाली. "आता कसं काय चाललंय? कुठं आहेत चंपाबाई?"

दोघी-तिघींनी एकमेकींचे हात धरले. मग मागून एक सडपातळ पोरगी पुढे आली.

"माही आई तुमाले कोन्त्या तारखेले भेटली?"

"दहा मार्चला. माझ्यासमोरच बसल्या होत्या."

"माही आई सहा मार्चले मेली, मॅडम," पोरगी म्हणाली. "सात तारखेले आमी तिले जाळली."

२

पोरीचं नाव रूपा. वय असेल एकोणीस. जेवणाची सुट्टी झाली, बाया निंबाखाली भाकरी सोडायला गेल्या, तेव्हा ती यास्मीनला मशीनच्या रांगेपाशी घेऊन गेली. सगळ्या मशीन थांबल्या होत्या. सात नंबरच्या मशीनच्या पायाशी झेंडूचं फूल आणि चिमूटभर कुंकू होतं. त्या मशीनवर आता कोणी उभं राहत नाही, असं रूपा म्हणाली.

"कान द्या इकडं."

यास्मीनने कान दिला. बंद मशीनच्या पोटातून बारीक, एकसुरी हुंकार येत होता. फुलाच्या पाकळ्यासुद्धा थरथरत होत्या. यास्मीनने कान झटकन मागे घेतला.

"बाया मनते, माही आईच हाय," रूपा म्हणाली. "आज तं मनून राह्यल्या, तुमाले साक्ष बी देऊन गेली. आता तं कोनीच इकडं फिरकत नाही."

"रूपा, त्या दिवशी काय झालं ते मला सगळं सांग."

रूपाने रुमालाचं टोक दाताखाली धरलं. "सकायी आमचं भांडन झालं. कायचं तरी फालतू. मी रागात मटलं, मर एकदाची. थे काही बोल्ली नाही, कामावर आली. दुपारी रडत घरी गेली मने. पन घरी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या कोरड्या विहिरीत सापडली. मान मोडेल होती."

"रडत गेली हे कोणी सांगितलं?"

"देवमन मुकादमानं. त्यानंच गावात सांगतलं, पोरीसंग भांडून जीव देला मनून."

"आणि भांडणाचं त्याला कोण बोललं? तू?"

"म्या?" रूपा चमकली. "म्या आजलोक कोनाच्या तोंडावर नाही काढलं. आज तुमाले सांगून राह्यली."

यास्मीनने ते मनात टिपून ठेवलं. "अजून काही?"

"आंगोय घालतानी पाह्यलं. मागचे केस नव्हते. मुयापासून नव्हते. लोक मने, कपारीत अडकले असन." मग तिने एकदम यास्मीनचा हात धरला. "मॅडम, खरं सांगा. मेल्यावर चार दिवसांनी थे तुमच्यापाशी आली. माह्यापाशी एक डाव नाही आली. सपनात बी नाही. इतका राग हाय का तिले माह्यावर?"

यास्मीन भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. पण ती बाई आली होती, हे तर खरंच होतं.

३

ऑफिसात मॅनेजर फुलचंद बसला होता. त्याच्या डोक्यावर भिंतीवर नियमांचा भला मोठा फलक होता, अक्षर रंगीत, चौकट सोनेरी. फलकाएवढं काम खाली शेडमध्ये झालं असतं तर यास्मीनला इथे यायचं कारणच नव्हतं. पण देखल्या देवा दंडवत घालणारे लोक तिने पुष्कळ पाहिले होते.

"मॅडम, मानसाची चूक होते," फुलचंद गोड आवाजात म्हणाला. "तुमी एका दिवसात दहा बाया तपासल्या. समद्याईच्या तोंडाले मास्क, डोक्याले टोपी, आंगात निया कोट. एकीचं उत्तर दुसरीच्या नावावर लिवलं असन."

"मी नाव हजेरीतून निवडलं होतं. डोळे मिटून, कोणतीही दहा." यास्मीनने मोबाइल पुढे केला. मार्चच्या हजेरीचा फोटो तिने तेव्हाच काढून ठेवला होता. "चंपाबाई सहा तारखेला हजर, सात, आठ, रविवार सोडून दहालाही हजर. जळून गेल्यावरही बाई कामावर येत होती?"

फुलचंदने फोटो पाहिला आणि चष्मा पुसायला घेतला. "हजेरी मुकादम भरते. तपासनीच्या आधी हप्ताभराची एकदमच भरून टाकली असन त्यानं. आयशी हाय लोकाईची कामं."

एवढ्यात मुकादम देवमन चहा घेऊन आला. रुंद खांद्यांचा, चाळिशीतला, डोळे जमिनीवर.

"देवमन भाऊ, चंपाबाई त्या दिवशी रडत घरी गेली म्हणता."

"हो नं. पोरीसंग कडाक्याचं भांडन झाल्तं तिचं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिनंच. मंग कोन सांगन?"

"कुठं सांगितलं?"

"थे खालच्या बोयाच्या तोंडापाशी उभी होती, तती," देवमन म्हणून गेला.

बोळ म्हणजे मशीनच्या रांगेखालचा खड्डा. त्यातून तो लांब लोखंडी शाफ्ट फिरतो आणि त्याच्या पट्ट्यांवर सगळ्या मशीन चालतात. अडकलेली सरकी काढायला वाकून त्यात उतरावं लागतं.

"घरी निघालेली बाई बोळाच्या तोंडाशी काय करत होती?" यास्मीनने विचारलं.

देवमनच्या हातातला ट्रे कलला आणि चहा फुलचंदच्या कागदांवर गेला.

"बाहीर हो तू," फुलचंद म्हणाला. त्याच्या आवाजातला गोडवा कुठल्या कुठे गेला होता. देवमन ट्रे तिथेच टाकून बाहेर गेला.

४

यास्मीन निंबाखाली येऊन बसली आणि तिने मार्चचा दहावा कागद पुन्हा वाचला. शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यायची तिला सवय होती. नाव काय, या प्रश्नापुढे लिहिलं होतं: "कागदावर चंपाबाई हाय ना, थेच लिवा." शाफ्टवर जाळी आहे का? "हाय. चार दिवसांची हाय." मशीन बंद करून साफसफाई होते का? "आता होते." कामाची भीती वाटते का? "चंपाबाईले आता कायचंच भेव नाही."

प्रत्येक उत्तरापुढे यास्मीनने तेव्हा बरोबरची खूण केली होती. खेड्यातल्या बाया कधी कधी स्वतःबद्दल असं तिऱ्हाइतासारखं बोलतात, असं तिला वाटलं होतं. आता तिने तारखा बोटांवर मोजल्या. दहा तारखेला जाळी चार दिवसांची होती, म्हणजे ती सहा तारखेला बसली. ज्या दिवशी बाई मेली, त्याच दिवशी. वर्षानुवर्षं उघडा राहिलेला शाफ्ट त्याच दुपारी कोणाला झाकावासा वाटला?

आणि हुंकार? मशीन थांबल्या तरी खाली शाफ्ट फिरतच होता. मशीनचा फक्त पट्टा काढायचा, मोटार चालू ठेवायची, असा इथला रिवाज होता. कारण मोटार एकदा बंद केली की सुरू व्हायला अर्धा तास खायची. म्हणजे भूतबित काही नाही. पण ज्याचा तो आवाज होता त्या शाफ्टनेच चंपाबाईचे केस मुळापासून ओढून नेले, हे तिच्या ध्यानात आलं; त्यापेक्षा भुताचं भय परवडलं असतं.

उरली ती खुर्चीवर बसलेली बाई. यास्मीन तिचा चेहरा आठवायला लागली. चेहरा कसला, मास्कच. तिने तो एकदाही खाली केला नव्हता.

एक बाई तेवढ्यात पुढ्यात स्टीलचा कप ठेवून गेली. "घ्या मॅडम, निवून जाईन." यास्मीनने एक घोट घेतला आणि तिथेच थांबली.

मार्चमध्ये तिने चहा घेतला नव्हता. रमजानचा नववा रोजा होता. तिने फक्त बायांसाठी चहा मागवला होता आणि बाया लाजत होत्या. "तुमाले रोजा हाय नं, मंग आमी तुमच्यासमोर कसा पेवाव?" असं एकीएकीने म्हटलं होतं. मंगरूळपीरला तिच्या गल्लीतही असंच. शेजारची मनकर्णाबाई रमजानात यास्मीनच्या अम्मीसमोर पाण्याचा घोट घेत नसे. यास्मीनने आग्रह केला तेव्हा नऊ जणींनी मास्क खाली करून चहा घेतला. दहावीने कप बाजूला सरकवला. शेवटची होती, यास्मीन दमली होती, तिने आग्रह केला नाही. उलट तिला ती बाई फार आवडली. किती मान राखते रोज्याचा, असं तिने घरी जाऊन सांगितलंही होतं.

पण रोजा एकट्या यास्मीनलाच कशावरून होता?

ती ताडकन उठली. शेडमध्ये रोजे धरणाऱ्या कोण, हे तिने चहा देणाऱ्या बाईला विचारलं आणि ती नावं मोबाइलमधल्या हजेरीत शोधली.

५

सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. यास्मीनने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं, फुलचंद आणि देवमनलाही. दोघे दाराशी उभे राहिले.

"चंपाबाईचं भूत माझ्यापुढं बसलं नव्हतं," ती म्हणाली. "माणूस बसलं होतं. मी दहा नावं निवडली, त्यात चंपाबाईचं निघालं आणि इथल्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. नाव कमी केलं असतं तर कधी मेली, कुठं मेली, हे सगळं निघालं असतं. मग कोणीतरी तिच्या जागी पाठवायचं ठरलं. जिचं नाव हजेरीत आहे तिला पाठवता येत नाही, पुढच्या वेळी मी तिचंच नाव निवडलं तर आवाजावरून ओळखली असती. म्हणून जिचं नाव कुठंच नाही, अशी बाई पाहिजे होती."

"मॅडम, उगी कायले..." फुलचंद म्हणाला.

"त्या बाईने चहा घेतला नाही. मला वाटलं, माझ्या रोज्यासाठी. तिला स्वतःलाच रोजा होता. या शेडमध्ये रोजे धरणाऱ्या तिघी आहेत. दोघींची नावं हजेरीत आहेत, पण त्या दिवशीच्या दहांत नव्हती. तिसरी हजेरीतच नाही." यास्मीन वळली. तिचा आवाज मऊ झाला. "मेहरबी खाला, तुम्ही मला एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती. तुम्ही खरंच सांगत होता. मीच बहिरी निघाले."

सरकीच्या ढिगाऱ्यामागून पन्नाशीची एक बाई उठली. रुमाल सोडून तिने तोंड पुसलं.

"रोज्यात झूट कसं बोलू, बेटा?" ती म्हणाली. "यायनं मले मटलं, जाय, चंपाबाई होऊन बस. नाही गेली तं मोटार तूच चालू ठेवली असं सांगू. तुयं तं नाव बी नाही इथं, तुयं कोन आयकन? मी गेली. पन झूट नाही बोल्ली. मले वाटे, ह्या बाईच्या ध्यानात येईन. आज येईन, उद्या येईन. मी नऊ महिने वाट पाह्यली."

देवमन दारातून सटकायला निघाला. चार बाया त्याच्या आडव्या झाल्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"काय झालं होतं, खाला?"

"जेवनाच्या सुट्टीत समद्या निंबाखाली होत्या. मले आन चंपाले यायनं बोयात उतरवलं. शाफ्ट फिरूनच राह्यला होता. चंपा मने, मोटार बंद करा. हा मुकादम मने, टाइम नाही. तिचा रुमाल सुटला आन वेनी..." मेहरबीने डोळे घट्ट मिटले. "मी केकाटली. मोटार बंद झाली तवा चंपा नव्हती. संध्याकायी ट्रॅक्टरवर सरकीच्या पोत्याखाली घालून विहिरीकडं नेली."

"एवढी घाई कशाची होती त्या दिवशी?" यास्मीनने विचारलं. विचारतानाच तिला उत्तर कळलं होतं आणि ते ऐकू नये असंही वाटलं.

"तुमी येनार होत्या नं सोमवारी. साहेब मने, जिनिव्हावाले येऊन राह्यले, बोय चकाचक पाह्यजे."

फुलचंद पुढे आला. त्याने हात जोडले. "मॅडम, आयका. हे बाहीर गेलं तं जिनिंग बंद पडन. चायीस घरच्या चुली हायेत. नियम जिनिव्हाचे, पन जगाव तं इथंच लागते."

"मरावंही इथंच लागलं," यास्मीन म्हणाली. तिने फोन काढला, पोलीस ठाण्याला लावला आणि दोघांसमोर सगळं सांगितलं. मग कोरा कागद घेतला आणि पहिली ओळ मोठ्याने वाचत लिहिली: मार्चच्या तपासणीत मी हे जिनिंग सुरक्षित असल्याचं लिहिलं, ती चूक माझी. साक्षीदाराने खरं सांगितलं होतं. खाली तिने सही केली.

रूपा अजून सात नंबरपाशी उभी होती. यास्मीन तिच्याजवळ गेली.

"तुझी आई तुझ्या बोलण्याने गेली नाही, पोरी. तिने जीव दिला नाही. ती माझ्या येण्यासाठी त्या खड्ड्यात उतरली. राग धरायचा तर माझा धर."

रूपाने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती मेहरबीकडे पाहत होती.

"खाला," ती म्हणाली, "भांडनाचं आईनं तुमाले सांगतलं होतं?"

"बोयाच्या तोंडापाशी सांगतलं. हा मुकादम बी तिथंच होता."

"रडून राह्यली होती?"

"रडते कायची?" मेहरबी म्हणाली. "हासून राह्यली होती व माय. मने, मेहरबी, पोरगी आज मले 'मर एकदाची' मने. जीभ पाय तिची, अस्सल माह्यावर गेली. मी मेल्यावर हे पोरगी कोनाच्या बापाले भिनार नाही, मले आता घोर नाही. असं मने आन खाली उतरली."

रूपा मटकन खाली बसली. आई गेल्यापासून तिला कोणी रडताना पाहिलं नव्हतं. आता तिने असा गळा काढला की निंबावरची पाखरं उडाली. मेहरबीने तिला पोटाशी धरलं.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. एकही बाई मशीनकडे गेली नाही. त्या रूपाच्या भोवती बसून राहिल्या आणि खाली शाफ्ट तसाच फिरत होता. शेवटी त्यांच्यातलीच एक उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने मोटारीचा खटका खाली ओढला.